उपवासकाळ आणि ख्रिस्ताचे दुःखसहन



आजच्या व्याख्यानाचा विषय ख्रिस्ती समाजाच्या घरातला आहे आणि आपण श्रोते बहुतांशी निराळ्या परंपरेतले आहात. तथापि उपवास हा शब्द महाराष्ट्राला परका नाही, आणि सज्जनांच्या छळाची कथा तर मुळीच परकी नाही. तेव्हा नुसती ओळख करून देण्याचे आमचे काम सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. दुसऱ्याने सोसलेल्या यातनांचे चिंतन वर्षानुवर्षे, शतकानुशतके करीत राहिले असता माणसाच्या अंतःकरणाचे काय होते? ते मऊ होते की टणक होते? या प्रश्नाचा विचार आपण आज करू.

प्रथम थोडे कालगणनेविषयी. वसंतसंपात चर्चच्या हिशेबात २१ मार्चला धरतात. त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्याच्या आधीचा शुक्रवार हा त्याच्या मरणाचा. येशूला धरले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि वल्हांडण पौर्णिमेचाच सण. म्हणून ही तिथी चंद्राशी बांधली गेली आहे. ईस्टरपासून सेहेचाळीस दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार आनंदाचे म्हणून वगळले म्हणजे चाळीस दिवस उरतात. येशूने आपल्या कार्याच्या आरंभी रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. यालाच इंग्रजीत लेंट म्हणतात. आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी उपवासकाळ म्हणतो. केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा असतो. गोव्यात आदल्या दिवसापर्यंत इंत्रुजाचा धुमाकूळ चाललेला असतो, आणि बुधवारी सकाळी तीच माणसे कपाळावर राख लावून घेण्यास देवळात उभी राहतात.

ही राख कोठून येते तेही पाहण्यासारखे आहे. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या फांद्या घेऊन त्याचा जयजयकार केला. त्याच्या स्मरणार्थ ईस्टरच्या आधीच्या रविवारी देवळात झावळ्या वाटतात. लोक त्या वर्षभर घरी ठेवतात, पुढील वर्षी परत आणतात आणि त्या जाळून ही राख होते. जी झावळी गेल्या वर्षी जयघोषात उंचावली, तिचीच राख यंदा कपाळी लागते. जयजयकार करणारा हात आणि सोडून पळणारे पाय एकाच माणसाचे असू शकतात, हे उपवासकाळ पहिल्याच दिवशी न बोलता सांगतो.

उपवासाचे नियम पूर्वी फार कडक असत. दिवसाकाठी एकच जेवण, आणि त्यातही मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य. रोमन कॅथलिक चर्चमध्ये १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच ठेवले: राखेचा बुधवार आणि येशूच्या मरणाचा शुक्रवार. एरव्ही या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकीचे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले आहे. परंतु विवेक हा मोठा लबाड प्राणी! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली तो ख्रिस्ती नसला, तरी शुक्रवारी मटण सोडून सरंग्यावर ताव मारणारा आमचा बांधव त्याने नक्कीच पाहिला असावा. हा रोग जुना आहे. ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधी यशया संदेष्ट्याने उपवास करणाऱ्यांना फटकारले होते. तुम्ही गोणपाट नेसता, मान वाकवता, आणि त्याच दिवशी मजुराला पिळता. देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याला आपल्या ताटातली भाकर देणे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात हा उतारा देवळात वाचला जातो.

मग या चाळीस दिवसांत मन कशावर ठेवायचे? परंपरेचे उत्तर एकच आहे: ख्रिस्ताच्या दुःखसहनावर. दुःखसहन म्हणजे गुरुवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंतची कथा. बागेतली प्रार्थना, मित्राने केलेला घात, रात्रीची चौकशी, सकाळचा न्यायनिवाडा, फटके, क्रूस, मरण आणि दफन. काळ जेमतेम एका दिवसाचा. पण मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय घेतले, तर अकराव्यापासून पुढचा सारा भाग येशूच्या शेवटच्या आठवड्याला आणि त्याच्या पुनरुत्थानाला दिलेला आहे. क्रुसावर मारणे ही रोमन राज्याची शिक्षा होती. गुलामांना, बंडखोरांना, ज्यांची कोणी दाद घेणार नाही अशांना ती दिली जाई. ती इतकी लाजिरवाणी होती की ख्रिस्ती लोकांनीही पहिली काही शतके क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्र क्वचितच काढले. रोममधील सांता साबिना देवळाच्या लाकडी दारावर इ. स. ४३०च्या सुमाराचे असे एक कोरीव चित्र आहे. फार जुन्या अशा चित्रांत त्याची गणना होते.

ही कथा शांतपणे वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तीत राक्षस कोणीच नाही. कंस नाही, हिरण्यकश्यपू नाही. सगळी आपल्या ओळखीची माणसे आहेत. पेत्र हा जिवाला जीव देऊ म्हणणारा शिष्य. पण थंडीच्या रात्री अंगणात शेकोटीजवळ बसला असता एका दासीने सहज विचारले, तेव्हा त्याने गुरूला ओळखत नसल्याचे सांगितले. कैफा हा महायाजक. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एक माणूस गेलेला परवडला, असा त्याचा हिशेब. हा हिशेब आपण कोणत्याही कचेरीत आजही ऐकतो. पिलात हा रोमन सुभेदार. माणूस निर्दोष आहे हे त्याला कळले होते. मत्तय सांगतो की त्याच्या बायकोने निरोपही पाठवला होता. तरी गडबड नको म्हणून त्याने पाणी मागवले आणि लोकांसमोर हात धुतले. हेरोद आणि पिलात यांचे आधी वैर होते, त्या दिवशी ते मित्र झाले, असे लूक लिहितो. एका निरपराध माणसाची थट्टा दोघांनी मिळून केली आणि जुने वैर मिटले! सैनिक तर केवळ हुकमाचे ताबेदार. काम आटोपल्यावर त्यांनी कपडे वाटून घेतले, आणि अंगरखा बिनशिवणीचा, फाडणे नुकसानीचे, म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. अंगरख्याची किंमत त्यांना कळत होती.

म्हणजे कोणी भ्यायले, कोणी हिशेब केला, कोणी हात धुतले, कोणी हुकूम पाळला, कोणी गर्दीत ओरडले. आणि या सर्वांची बेरीज होऊन एक माणूस मारला गेला. कथेचे सामर्थ्य येथे आहे. ती वाचणाऱ्याला विचारते, यात तुझी जागा कोणती?

जागा सापडावी म्हणून लोकांनी नाना उपाय केले. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमेला यात्रेस गेली. तिने लिहून ठेवले आहे की त्या आठवड्यात लोक प्रत्यक्ष त्या त्या जागी जात, तेथे घडलेला प्रसंग वाचला जाई, आणि ऐकताना सारे रडत. ज्यांना यरुशलेम गाठणे शक्य नव्हते, त्यांनी आपल्याच गावात ती वाट आणली. देवळाच्या भिंतींवर मुक्कामाच्या जागा मांडल्या आणि एकेका जागी थांबून चिंतन सुरू केले. हीच क्रुसाची वाट. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी तिचे चौदा मुक्काम ठरवून दिले. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमची म्हातारीकोतारी माणसे गुडघे दुखत असतानाही या चौदा जागी टेकतात आणि उठतात. वारी ज्यांनी केली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पायांनी केलेले चिंतन डोक्याने केलेल्या चिंतनापेक्षा अधिक काळ टिकते.

मराठीचाही यात मानाचा वाटा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी कानांना काही उरले नव्हते. ती उणीव पाहून त्याने ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते प्रथम छापले गेले आणि देवळांतून वाचले जाऊ लागले. गेथशेमानेची ती रात्र मराठी ओवीत उतरली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन आरंभिले आणि १९१९ साली त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ज्या भाषेने संतांचे हाल गायिले, तिनेच हेही हाल गायिले.

परंतु, सभ्य स्त्रीपुरुषहो, येथवर सांगून थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. या चिंतनाला दुसरी बाजू आहे आणि ती काळी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून डोळ्यांत पाणी आले की लागलीच मन विचारते, हे केले कोणी? आणि उत्तर स्वतःपासून जितके दूर सापडेल तितके बरे वाटते. युरोपात ते उत्तर शेजारच्या गल्लीत सापडले. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे शिष्य यहुदी, शिक्षा रोमन सुभेदाराची. तरी दोष मात्र पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या यहुदी जातीच्या माथी मारण्यात आला. मध्ययुगात दुःखसहनाचा आठवडा आला की यहुद्यांच्या वस्त्यांत दारे लागत. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर ईस्टरपूर्वीच्या दिवसांत यहुद्यांनी बाहेरच पडू नये असा नियम केला. देवळात ज्या यहुद्याच्या जखमांसाठी लोक रडले, त्याच्याच भाऊबंदांवर देवळाबाहेर त्यांनी हात टाकला.

हे फार दूरचे म्हणून आपण सुटू शकत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले. यहुदी वंशातून ख्रिस्ती झालेल्यांवर त्याची करडी नजर होती. वनस्पती आणि औषधे यांवर १५६३ साली गोव्यात मोलाचा ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा त्याच वंशातला. तो १५६८ साली वारला. पुढल्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. स्टीफन्सने गोव्यात पाऊल ठेवले त्याच्या पुढल्याच वर्षी हे घडले. एकाच शहरात, एकाच क्रुसाखाली, एकीकडे करुणेची ओवी पुढे रचली जाणार होती आणि दुसरीकडे हाडे जळत होती. कोकणात मात्र बेने इस्राएल लोक शतकानुशतके तेल गाळीत, शनिवार पाळीत शेजाऱ्यांत सुखाने राहिले, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे.

आता कोणी म्हणेल, हा कथेचाच दोष. आम्हांला तसे वाटत नाही. हा वाचण्याच्या दिशेचा दोष आहे. १५६६ साली, म्हणजे त्याच काळात, ट्रेंटच्या परिषदेनंतर जी धर्मशिकवण छापली गेली तीत स्पष्ट म्हटले आहे की या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षा पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडे अधिक जातो. ग्रंथात औषध होते, पण रोगी ते घेत नव्हता. १७२७ साली लाइपझिगच्या देवळात योहान सेबास्टियन बाखने मत्तयाच्या वृत्तांतावर रचलेले महासंगीत प्रथम गायिले गेले असे अभ्यासक मानतात. त्यात एक जागा आहे. भोजनाच्या वेळी येशू म्हणतो की तुमच्यांतला एक मला धरून देईल. शिष्य घाबरून एकामागून एक विचारू लागतात, तो मी तर नव्हे? कथेत उत्तर येण्यापूर्वी बाख मध्येच एक जुने स्तोत्र सुरू करतो, आणि सारा गायकवृंद मंडळीच्या वतीने कबुली देतो की अपराधी आम्हीच. भोजनाच्या त्या प्रसंगात यहूदा इस्कर्योताचे नाव येण्याआधीच ऐकणाऱ्याने हात वर केलेला असतो. चिंतनाची योग्य दिशा ती हीच.

चर्चच्या उपासनेतही ही दिशा हळूहळू उजळत गेली. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचा अपमानकारक शब्द काढून टाकला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. शिवाय आता लोकभाषेत वृत्तांत वाचला जातो तेव्हा बहुतेक देवळांत जमावाचे शब्द उपस्थित भाविकच म्हणतात. 'त्याला क्रुसावर द्या' ही आरोळी कोणा परक्याच्या तोंडी न घालता आम्हीच मारतो. लहान मुले आईकडे चमकून पाहतात. आपण चांगली माणसे असे का ओरडतो आहोत, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. हा प्रश्न पडणे हेच उपवासकाळाचे फळ.

परंतु केवळ 'मी दोषी' म्हणून रडत बसणे हीही एक चैन होऊ शकते. चिंतन हातापायांत उतरले पाहिजे. त्याची दोन उदाहरणे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी स्वतः नुकताच उकिरड्यातून वर येत होता. १९५८ साली तेथील कॅथलिक बिशपांनी उपवासकाळात वाचवलेला पैसा जगातील भूक आणि रोगराई यांच्याविरुद्ध वापरण्याचे ठरवले आणि 'मिझेरेओर' ही संस्था निघाली. मिझेरेओर म्हणजे 'मला कळवळा येतो'. रानात उपाशी बसलेल्या लोकसमुदायाकडे पाहून येशूने काढलेला हा उद्गार. मध्ययुगात उपवासकाळी वेदीपुढे एक मोठा पडदा टांगीत, त्याला भुकेचा पडदा म्हणत. पोटाबरोबर डोळ्यांनीही उपवास करावा ही त्यामागची कल्पना. मिझेरेओरने १९७६ साली ती चाल पुन्हा सुरू केली, आणि पहिला पडदा ज्योती साही या भारतीय चित्रकाराचा होता.

दुसरे उदाहरण एल् साल्वादोर देशाचे. तेथे लष्कर गरीब शेतकऱ्यांना मारीत होते आणि मारणारे शिपाईही शेतकऱ्यांचीच पोरे होती. २३ मार्च १९८० हा उपवासकाळातला पाचवा रविवार. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी प्रवचनात सैनिकांना थेट हाक मारली: तुम्ही आपल्याच भावांना मारता आहात, देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळण्यास कोणीही बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात उपासना चालू असता त्यांना गोळी घालण्यात आली. गुलगुथ्यावरील सैनिकांना हे कोणी सांगितले नव्हते. रोमेरोंनी सांगितले, आणि त्याची किंमत दिली. कॅथलिक चर्चने २०१८ साली त्यांना संतपद दिले.

तेव्हा उपवासकाळ पाळावा तो कसा? आमची सूचना साधी आहे, आणि ती ख्रिस्ती नसलेल्यांसही करता येण्याजोगी आहे. मार्काचे चौदा आणि पंधरा हे दोन अध्याय मोठ्याने वाचण्यास अर्धा तास पुरतो. ते आठवड्यातून एकदा वाचावेत आणि दर आठवड्यास त्यांतले एक माणूस निवडावे. पहिल्या आठवड्यात पेत्र: गप्प राहून मी कोणाला नाकारले? दुसऱ्यात कैफा: कोणाचा बळी मला परवडण्याजोगा वाटतो? तिसऱ्यात पिलात: कोणत्या कागदावर सही करून मी हात धुतले? चौथ्यात सैनिक: कोणता हुकूम मी न विचारता पाळतो? पाचव्यात जमाव: कोणाच्या आरोळीत मी आपली आरोळी मिसळली? आणि सहाव्यात शिमोन.

या शिमोनाविषयी दोन शब्द बोलून संपवितो. कुरेने गावचा हा माणूस रानातून येत होता. त्याला या भानगडीशी काही कर्तव्य नव्हते. शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. तो स्वखुशीने आला नाही, त्याने काही सुंदर भाषणही केले नाही. पण त्या साऱ्या गर्दीत येशूच्या अंगावरचा भार प्रत्यक्ष हलका केला तो त्यानेच. मार्क त्याच्या मुलांचीही नावे देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे वाचणाऱ्या मंडळीला ही मुले ठाऊक असावीत. वेठीने उचललेले ते ओझे घराण्याची ओळख होऊन बसले.

दुसऱ्याचे दुःख पाहून आपण कितपत रडलो, याचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही. चाळीस दिवसांच्या शेवटी एखाद्याच्या खांद्यावरचे ओझे आपल्या खांद्यावर आले असेल, मग ते कुरकुरत का होईना, तर उपवास पावला असे समजावे.